चौथ्या आवृत्तीचं पहिलं पान

जुलैचा दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा. जागा: माझ्या घराची पुढची खोली. हजर: मी; शुभांगी, कचेरीत वरिष्ठ लिपिक; बशीर, नाट्याच्या बंदरावरून आलेला, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. गैरहजर: सर.

अशी सुरुवात करण्याची पद्धत माझी नव्हे, सरांची. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी ते मधल्या बोटानं टेबलावर दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "बाई, आधी हजेरी." मग कोण कोण बसलंय ते मी लिहायचं. गैरहजर असा रकाना मात्र त्यांना चालत नसे. "जे नाहीत त्यांची नावं लिहायला बसलात तर संपेल का यादी?" तरी आज मी तो लिहिला आहे. एका नावापुरता.

सरांचा रामआळीत कॉम्प्युटरचा क्लास होता. खाली दोरखंडाचं आणि जाळ्यांचं दुकान, वर आम्ही. सहा मशीन, एक खडखडणारा प्रिंटर आणि जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग. मी तिथं शिकायला गेले आणि राहिले. वेळापत्रक, हजेरी, प्रिंटरची शाई, कोणाची परीक्षा कधी, सगळं माझ्याकडे. याद्या करणं मला जमतं. दुसरं फारसं काही जमत नाही, पण हे जमतं.

सर शिकवत होते ते पुस्तकातलं. पण पोरं आपापसात बोलायची ते वेगळंच. मशीन अडकलं की "दातखीळ बसली". प्रिंटरमध्ये कागद अडकला की "काटा अडकला". फाइल पुसली गेली की "मुंबईला गेली". पुढं पुसलेली फाइल परत आणायची सोय आली, तेव्हा तीच पोरं म्हणायला लागली, "गणपतीला आली सर!" ज्याच्या घरचा बाप, काका, भाऊ मुंबईला असतो त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सर हे सगळं टिपून ठेवायचे. शब्द, अर्थ, आणि तो पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकला त्याचं नाव. बऱ्यापैकी शब्द जमले की एखाद्या शनिवारी दुपारी बैठक. सर शब्द मोठ्यानं वाचणार, हजर असलेल्यांनी हरकत घ्यायची, आणि संध्याकाळपर्यंत एक आवृत्ती कायम व्हायची. पहिल्या पानावर तारीख आणि हजेरी. शेवटच्या पानाच्या तळाशी एक ओळ: राहिलेलं काम.

कायम झालेल्या आवृत्तीला हात लावायचा नाही, हा त्यांचा एकच नियम. चुकलं असेल तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा. मागची तशीच ठेवा.

मला हे पटत नसे. पहिल्या आवृत्तीत 'व्हायरस' या शब्दापुढं लिहिलं होतं: "मशीनला होणारा रोग. बाहेरून येतो. चपला बाहेर काढाव्यात." दुसरीत: "फ्लॉपीतून येतो. चपलांचा संबंध नाही. तरी काढाव्यात, लादी पुसलेली असते."

"सर, ही पहिली कशाला ठेवायची? लोक हसतील," मी म्हटलं.

"हसू देत. नव्या प्रतीवरून आपल्याला काय कळतं ते समजतं. जुनीवरून काय कळत नव्हतं ते. दोन्ही लागतं, बाई."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याचं बोलणं ऐकताना पटत नाही, खोडताही येत नाही, आणि घरी जाऊन भांडी घासताना मध्येच पटतं.

सर अविवाहित. पेठकिल्ल्याच्या बाजूला त्यांच्या थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. तिला सगळे अक्का म्हणत. कमी वयात नवरा गेला, परत आली आणि भावाचं घर चालवलं. क्लासमध्ये ती कधी येत नसे. पण फ्लॉपींचा डबा तिचाच होता, पोह्यांचा. पावसाळ्यात आपल्याकडे फ्लॉपीला बुरशी धरते, म्हणून तिनं त्या डब्यात मूठभर भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली होती आणि दर अमावास्येला ती बदलायची. सरांनी पुस्तकातले दहा उपाय वाचले असतील, पण उपयोगी पडली ती पुरचुंडीच.

चौथ्या आवृत्तीच्या शनिवारी सर गोळी घरी विसरले. ती द्यायला अक्का जिना चढून आली. पदरानं तोंड पुसत दारातच उभी राहिली. मशीनवर वाळूच्या घड्याळाचं चित्र आलेलं, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत गप्प बसलेलो.

"काय रे, कसली वाट बघताव सगळी?"

"थांब अक्का, ते आत काम करतंय."

तिनं वाकून पाहिलं. "मग असं सांग ना, भात शिजतोय. झाकण काढू नको म्हणजे झालं."

अख्खा क्लास हसला. हसण्याचं कारण हे, की नेमकं तेच करत होतो आम्ही. दर दोन मिनिटांनी कोणीतरी उगाच बटण दाबायचं आणि मशीनची दातखीळ बसवायची. सरांनी जागच्या जागी लिहिलं: "भात शिजणे. मशीन आत काम करत असणे. या काळात झाकण काढू नये." पुढं अक्काचं पूर्ण नाव. हजेरीतही तिचं नाव घातलं, कारण ती हजर होती.

पान छापून आलं तेव्हा अक्कानं ते हातात घेतलं. ती दुसरीपर्यंत शिकलेली. बोट ठेवत ठेवत आपल्या नावापर्यंत आली.

"ही मी काय?"

"तूच."

"पुसणार नाय ना रे कोण?"

"कायम झालेल्या आवृत्तीतलं कोणी पुसत नाही, अक्का."

हे मला स्पष्ट आठवतं. खिडकीकडून आलेला दोरखंडाच्या डांबराचा वाससुद्धा आठवतो. याबद्दल पुढं सांगायचं आहे.

पाचव्या आवृत्तीच्या वेळी पानं फार होत होती. मी सुचवलं, की शब्द देणाऱ्याच्या नावाचा रकाना काढून टाकू, दोन पानं वाचतील. सरांनी पानं मोजून पाहिली. मग म्हणाले, "काढा. मागच्या आवृत्त्यांत आहेतच नावं."

मी रकाना काढला आणि फाइल जुन्याच नावानं साठवली. फाइलचं नाव 'शब्द'. नव्या फाइलनं चौथीला झाकलं. माझ्या लक्षातही आलं नाही, कारण माझ्या डोक्यात एका कामाची एकच फाइल असते, सगळ्यात ताजी. घर आवरताना मी असंच करते.

आणि छापील प्रत? तीही माझ्याच हातानं गेली. कपाट आवरताना एका बाजूनं कोरे असलेले अकरा कागद सापडले. चांगले जाड. त्या वेळच्या बॅचला अर्ज लिहिण्याचा सराव होता. मी एकेकाला एकेक कागद दिला, म्हटलं, "यावर काढा प्रिंट, नवीन कागद नासू नका." अकरा पोरांनी अकरा अर्ज काढले आणि आपापल्या घरी घेऊन गेली.

हे कळायला दोन वर्षं गेली. अक्का वारली. तिचं सगळं आटोपल्यावर सर क्लासला आले, टकटक केली नाही, नुसते बसले. म्हणाले, "बाई, चौथी काढा जरा."

मी डबा उघडला. पुरचुंडी महिन्याभरापूर्वीची, शिळी. फ्लॉपी घातली. फाइल उघडली, आणि पाचवी आली. पुन्हा उघडली. पुन्हा पाचवी. 'भात शिजणे' होतं, अर्थ होता, नाव नव्हतं. मग कपाटात शोधलं आणि शोधता शोधताच मला तो सरावाचा दिवस आठवला.

सांगितलं. सांगावंच लागलं.

सर खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी रडून मोकळी झाले असते. ते एवढंच म्हणाले, "मुंबईला गेली तर."

मग दोनदा टकटक. "त्या बॅचची हजेरी काढा. कोणाकोणाला कागद दिलात?"

हजेरी होती माझ्याकडे. अकरा नावं, अकरा गावं. शोध इथून सुरू झाला.

तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे माणूस घरी सापडायचा असेल तर गणपतीत. अकरातले सात तोवर मुंबईला लागलेले. म्हणून सर दर गणपतीत निघायचे. खांद्याला पिशवी, आत माझी यादी, एसटीचं तिकीट वरच्या खिशात. मालगुंड, संगमेश्वर, राजापूर. घरात शिरून आधी गणपतीला हात जोडायचे, मग यजमानाला विचारायचे, "तुझा रजेचा अर्ज आहे का रे?" पोरगं गोंधळायचं. इतक्या वर्षांपूर्वीचा सरावाचा अर्ज कोण ठेवणार? पण कोकणातल्या घरात कागद सहसा फेकला जात नाही. पत्र्याच्या पेटीत, देवघराच्या फळीखाली, शाळेच्या दाखल्यांबरोबर तो पडून असायचा. एका घरी तर चौकटीत घालून भिंतीला लावलेला. घरातलं पहिलं कॉम्प्युटरवर छापलेलं अक्षर म्हणून आईनं लावला होता. मजकूर: "पोटात दुखत असल्याने एक दिवसाची रजा मिळावी."

सरांना साखर. पण मोदकाला नाही म्हटलं तर कागद मिळायचा नाही, अशी त्यांची समजूत. परत आले की पाय सुजलेले असायचे. मी रागवायची.

"कशाला जाता सर? मी जाते ना. माझ्या हातून गेलंय."

"तुम्ही गेलात की एका दिवसात चार घरं कराल आणि कोणाकडे बसणार नाही. बसल्याशिवाय कागद निघत नाहीत, बाई."

बशीरचा कागद त्यांना नाट्याला जेटीवर मिळाला. बोटीच्या कागदपत्रांच्या प्लास्टिकच्या पिशवीत होता. डिझेलचा डाग, पण अक्षर शाबूत. बशीर अजून सांगतो, "सर आले, चहा प्याले, कागद उलटा केला न् म्हणतात कसे, पान सातवं. मला वाटलं म्हातारा येडा झाला."

असे नऊ वर्षांत दहा कागद आले. मालगुंडच्या पानावर 'भात शिजणे' होतं, पण नावाचा रकाना वाळवीनं खाल्लेला. शब्द ठेवला आणि नाव खाल्लं. त्या दिवशी मी क्लासच्या मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. राहिलं पहिलं पान. तारखेचं आणि हजेरीचं. अक्काचं नाव आता असलं तर तिथंच.

ते पान शुभांगीला दिलं होतं. ती इथंच, गावातच. पण ती म्हणायची, "सर, मी त्यावर खरा अर्ज काढला होता. नोकऱ्यांचे तेव्हा इतके अर्ज टाकले, तो कुठं दिला ते आठवत नाही हो." सर तिला दर वर्षी विचारायचे. ती दर वर्षी तेच सांगायची आणि दर वर्षी तिला वाईट वाटायचं.

एकदा मला असह्य झालं. मी घरी बसून पहिलं पान नव्यानं टाइप केलं. तारीख, जागा, हजर असलेले, सगळं आठवून. अक्काचं नाव मध्ये. माझं शेवटी, सहावं. छान प्रिंट काढून सरांच्या फाइलमध्ये ठेवलं.

सरांनी चष्मा लावून वाचलं. मग पेन काढलं आणि पानावर एक तिरकी रेघ मारली. फाडलं नाही.

"आठवलेलं वेगळ्या फाइलला लावा, बाई."

"पण सर, मी होते तिथं. माझ्या डोळ्यांदेखत..."

"मला आठवतंय त्यात तुम्ही नव्हतात," सर म्हणाले, अगदी मऊ आवाजात. "त्या शनिवारी तुमच्या भावाकडे सत्यनारायण होता. सोमवारी मी तुम्हाला सांगितलं सगळं. तुम्ही खूप हसलात."

मी भांडले. डांबराचा वास सांगितला. ते म्हणाले, तो वास रोज यायचा. मी भावाला फोन केला. त्याला सत्यनारायण आठवला, वार आठवला नाही. त्या दिवसानंतर मला माझ्या आठवणीची थोडी भीती वाटते. वर मी तुम्हाला जे सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं, तेसुद्धा म्हणून वेगळ्या फाइलला लावायचं.

पुढचं फार नाही. क्लास बंद पडला. ज्याच्या त्याच्या खिशात मशीन आलं, चपला काढायला जागा उरली नाही. सरांनी सातवी आवृत्ती फोनवरच्या गटात टाकली. 'दातखीळ' हा शब्द आता कोणी वापरत नाही, अशी एक ओळ आणि खाली विचारलं होतं, "तुम्ही काय म्हणता?" चौघांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. शब्द कोणी दिला नाही. सर म्हणाले, "हजर चार, म्हणायचं." आणि तसं लिहून टाकलं.

शेवटी शेवटी त्यांना दिसेनासं झालं. मी संध्याकाळी जाऊन जुन्या आवृत्त्या वाचून दाखवायची. पहिलीतला व्हायरस आला की ते दर वेळी हसायचे. चौथी वाचायला मी पान दुसऱ्यापासून सुरुवात करायची. ते टेबलावर टकटक करून म्हणायचे, "आधी हजेरी." आणि मग स्वतःच, "असू दे. पुढं वाचा."

गेल्या थंडीत सर गेले. पाहुण्यांपेक्षा विद्यार्थी जास्त होते. मी यादी केली नाही. पहिल्यांदाच.

आजची बैठक कशासाठी, ते सांगते. सातही आवृत्त्या एका पेटीत घालून वाचनालयाला द्यायच्या, असं सरांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. वाचनालयवाले घ्यायला तयार आहेत. पेटी तयार आहे. आत पुरचुंडीही ठेवली आहे, फ्लॉपी आता कोणाला वाचता येत नसल्या तरी. फक्त चौथीचं पहिलं पान नाही, म्हणून तिथं एक कोरा कागद घालावा की काय, हे ठरवायला मी दोघांना बोलावलं.

शुभांगी आली ती दारातच म्हणाली, "मॅडम, कोरा कागद नका घालू."

झालं असं. बढतीसाठी तिला स्वतःची सेवेची फाइल तपासायची होती. अगदी तळाशी तिचा पहिला अर्ज. ज्या नोकरीत ती वीस वर्षं आहे, त्याच नोकरीचा. आमच्या प्रिंटरचं अक्षर, वेलांटी तुटलेली. म्हणजे सर दर वर्षी तिला विचारायला जायचे त्याच कचेरीत, बाकावर तिची वाट बघत बसायचे, आणि पान मागच्या खोलीतल्या कपाटात होतं.

"मग आणलंस?" मी विचारलं.

"नाही येत काढता. कागद घडीवर फाटला होता, म्हणून कोणीतरी मागून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलाय. पाठ आत गेली."

बशीर म्हणाला, "वाफ द्यायची. आमी इंजिनाची लेबलं काढतो तशी."

"सरकारी फाइल आहे, बशीरभाई. मी रिटायर होईपर्यंत हलत नाही."

मग शुभांगी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, एक केलं मी. माझा अर्ज छोटा आहे, सहीच्या खाली पान रिकामं. आणि कागद तेव्हा उलटा घातला गेलेला, त्यामुळं मागची हजेरी बरोबर त्या रिकाम्या जागेत येते. आपला प्रिंटर कसा ठोकायचा आठवतं ना, अक्षर कागदाच्या पाठीला उठायचं? मी डोळे मिटून बोट फिरवलं. ओळी लागतात हाताला. सहा."

"सहा नावं?"

"सहा ओळी. तारखेची धरून की सोडून, ते नाही कळत."

मी दोन्ही हिशोब करून पाहिले. सोडून सहा असतील तर मी त्या शनिवारी होते. धरून सहा असतील तर सर बरोबर होते. दोन्हीकडे अक्का आहे. पुठ्ठ्याकडे तोंड करून, पण आहे. कोणी पुसलेली नाही. हे सरांना सांगायला सात महिने उशीर झाला.

शुभांगीनं साहेबांना विचारून ठेवलं आहे. पान सोडवून त्याची झेरॉक्स काढू देतील, पण बाहेरच्या माणसाचा लेखी अर्ज हवा. छापील नमुना आहे. ती घेऊन आली होती. नाव, पत्ता, फाइलचा क्रमांक, सगळं मी पाच मिनिटांत भरलं. शेवटचा रकाना: कारण.

"शैक्षणिक लिहा," शुभांगी म्हणाली.

बशीर म्हणाला, "खरं काय ता लिवा ना. आमच्या सरांचं मानूस आत राहिलंय."

दोघं जेवून गेली. भांडी घासून झाली. आयुष्यभर मी रकाने आखले आणि लोकांकडून भरून घेतले. हा एक समोर ठेवून बसले आहे.

राहिलेलं काम: कारणाची ओळ. सोमवारी साडेदहाच्या आत.